खिडकीबाहेरचा वकील

हेमू,

परवा कोर्टाच्या बार रूममध्ये तुझी शोकसभा झाली आणि तिथे तुला मितभाषी म्हणाले. मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. लोकांना वाटलं मी रडतेय. थोडी रडतही होते, पण आधी हसू आलं हे तुला सांगायला हवं. तुझ्या तोंडावर ज्यांनी कधी धड नमस्कार केला नाही, ते उभं राहून ‘आपल्यातलं एक शांत, संयमी व्यक्तिमत्त्व हरपलं’ म्हणत होते. अरे, पालघरच्या कोर्टात तू खालच्या मजल्यावर उलटतपासणी घ्यायला लागलास की वरच्या मजल्यावरचे साक्षीदार गडबडायचे. नवापूरच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या बाईचा तू मुलगा. तू कुठला मितभाषी?

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. आपलं भांडण त्या सभेत कसं सांगणार? तीस-चाळीस काळे कोट, पुढ्यात हार घातलेला तुझा फोटो, तोही सनदेच्या वेळचा, भरघोस केसांचा. ते सगळं आज घरी बसून इथे लिहिते आहे. तू मधे बोलायला नाहीस, तेवढाच फायदा.

तुझ्या बाराव्याला नवापूरला गेले होते. तुझी आई मागच्या अंगणात, बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांपाशी बसली होती. मला बघून म्हणाली, “आलीस गो? बस. हेमू सांगायचा, सुनंदा लय भांडते म्हनून.”

“भांडायचा तो,” मी म्हटलं.

“दोघं पन भांडायचे. मला काय म्हाईत नाय काय?” बायका आत भांडी काढत होत्या. मधेच तिने विचारलं, “त्या बंगाल्याचा काय झाला? हेमू जेवता जेवता तेच बोलायचा. ताटावरून उठून फोन करायचा.”

“अजून काही नाही, आई.”

“नाय तर नाय. खोटा सांगू नको फक्त. सगले येतात नि मला खोटाच सांगतात, की तो झोपेत गेला, त्याला काय समजला पन नाय.”

मी तिला खोटं सांगितलं नाही. त्या बंगाल्याचा, सिराजचा पत्ता नव्हता, आणि तू तो लागायच्या आत गेलास. दुपारी जेवून आडवा झालास आणि उठलाच नाहीस. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी नाव सांगितलं. तुझ्या हृदयाला काय झालं होतं ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहे, पण दाखल्यावर तसं लिहीत नाहीत.

आपलं भांडण कुठून सुरू झालं ते तुला आठवतं का? माझ्या भाचीपासून. प्राची परदेशी निघाली होती, मावसबहिणीचं बाळंतपण होतं म्हणून. आम्हा माहीमकरांच्या घरातून असं कोणी निघालं की गाव गोळा होतं. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, वाडीतली विड्याची पानंसुद्धा बांधून दिली होती माझ्या वहिनीने, कुठे नेऊ देतात का पान, पण दिली. तिकडे विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, इथे काय करणार? ही म्हणाली, बहिणीच्या हाताशी राहीन, बाळाला बघेन. आपल्याकडे दुसरं काय सांगतात? नुसती फिरायला आले म्हटलं तर लोक नावं ठेवतील. पण अधिकाऱ्याच्या लेखी बाळाला बघणं म्हणजे काम, आणि पाहुण्याच्या परवान्यावर काम म्हणजे लबाडी. तिला आतल्या खोलीत नेलं, फोन काढून घेतला. पोरगी वकिलाची भाची, तिने वकील मागितला. तर म्हणे इथे वकील नसतो. ही अटक नाही, ही फक्त तपासणी आहे. नंतरच्या विमानाने परत पाठवलं, लाडवांसकट.

मी त्या दिवशी कोर्टाबाहेरच्या आपल्या टेबलावर हात आपटून बोलत होते. चहावाल्याने चहा ठेवला तोही मी पाहिला नाही. तू शांतपणे माझाही चहा प्यायलास आणि म्हणालास, “तिला तिथे एक माणूस हवा होता. बाळंतिणीच्या हाताशी राहणं आमच्यात नोकरी नसते, एवढं एक वाक्य सांगायला.”

“तेच तर म्हणतेय मी!”

“मग सुनंदाबाई, हेच आपल्या बोईसरला बंगाली कामगारांचं होतं. फक्त तिथे विमान नसतं.”

मी पटकन म्हटलं, ते वेगळं. आणि तू, ज्याला समोरचा फसला की मिशीत हसायची वाईट सवय होती, तू विचारलंस, “वेगळं कसं?” झालं. तिथून आपण जे सुरू झालो ते कधी संपलोच नाही.

माझं म्हणणं तुला पाठ होतं, तरी पुन्हा सांगते, कारण शोकसभेत कोणी माझी बाजू मांडली नाही. मी जमिनीच्या वाटण्या करणारी बाई. तलाठी, मंडळ अधिकारी, मोजणीवाले, सगळ्यांशी जन्मभर गोड बोलून कामं काढलेली. खुर्चीवरच्या माणसासमोर वकील उभा केला की तो बिथरतो, आणि बिथरलेला माणूस नियमावर बोट ठेवतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय. त्यापेक्षा नमस्कार करावा, त्याच्या मुलाची बारावी कशी गेली विचारावं, आणि आपला माणूस सोडवून न्यावा. हक्क नंतर बघता येतो.

तुझं म्हणणं असं, की गोडीगुलाबीने मिळतं ती मेहेरबानी. ती आज मिळते, उद्या साहेबाचं पोट बिघडलं की मिळत नाही. आणि तुझ्याकडे एक प्रश्न होता. तो तू जिथे तिथे विचारायचास, अगदी तुझ्या भाषणाला कंटाळलेल्या नव्या पोरांनासुद्धा. तपासणी म्हणा, चौकशी म्हणा, पडताळणी म्हणा, मला एवढंच सांगा, हा माणूस आत्ता खुर्चीवरून उठून घरी जाऊ शकतो का? जाऊ शकत असेल तर मी त्याला घेऊन जातो. जाऊ शकत नसेल तर ती अटक आहे, आणि अटक झालेल्या माणसाला वकील मिळतो, असं आपल्या घटनेत लिहिलंय. मला तो प्रश्न आवडायचा. तुला सांगितलं नाही कधी, डोक्यावर बसला असतास.

मग तो बोईसरचा लग्नाचा हॉल.

मोमेना आली तेव्हा आपण दोघंही टेबलावर होतो. सिराजची बायको. तो एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. तुझ्याकडे त्याच्या चाळीतलं कोणीतरी आधी येऊन गेलेलं, म्हणून तिला कोर्ट माहीत. ती उभीच होती, तिला खुर्ची दिली तरी बसेना. म्हणाली, “सुबह ले के गये साहब. बोला कागज देखना है, पाँच मिनट का काम है. अभी तक अंदर है. बाहर से ताला है.”

तू ताला हा शब्द ऐकलास आणि उठलास. मी नको होते त्यात खरं तर. मला दुपारी तहसीलला जायचं होतं. पण तुझी स्कूटर आणि तुझं डोकं दोन्ही माझ्या ओळखीची, म्हटलं सोबत गेलेलं बरं.

हॉलच्या कमानीवर आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती. आत साटीनचे कपडे घातलेल्या खुर्च्यांवर माणसं रांगेने बसवलेली. कारखान्यातली, बांधकामावरची, भंगारातली. सगळी बांगला बोलणारी. व्यासपीठावर, जिथे नवरानवरी बसतात तिथे टेबल मांडून चौकशी चालली होती. दारावरचा अधिकारी सभ्य होता हे मान्य करायला हवं. आपल्याला पाणी दिलं त्याने.

“वकीलसाहेब, गैरसमज करून घेऊ नका. ही अटक नाही. नुसती तपासणी आहे. तपासणीला वकील लागत नाही.”

तू तुझा प्रश्न विचारलास. “मग तो आता उठून घरी जाऊ शकतो का?”

“जाऊ शकतो की.”

“आत्ता?”

“आत्ता नाही.”

अजूनही मला ते ‘आत्ता नाही’ ऐकू येतं. त्या माणसाला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. तू म्हणालास मी सिराजचा वकील आहे. तो म्हणाला वकीलपत्र दाखवा, लगेच आत सोडतो. तू म्हणालास आत सोडा, म्हणजे वकीलपत्रावर त्याची सही घेतो. तो म्हणाला, असं कसं, आधी वकीलपत्र दाखवा. आपण इतकी वर्षं वकिली केली, पण ही गाठ मी पहिल्यांदा पाहिली. सही नाही म्हणून भेट नाही, भेट नाही म्हणून सही नाही. मोमेना आपल्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिला मराठी कळत नव्हती, पण आपलं काही चालत नाहीये एवढं तिला कळलं होतं.

मग मी माझं काम सुरू केलं. तुला बाजूला सारलं आणि त्या अधिकाऱ्याशी बोलायला लागले. तो सफाळ्याकडचा निघाला, त्याच्या मामांची वाटणी मीच केली होती. पाचेक मिनिटांत तो म्हणाला, “मॅडम, तुमच्यासाठी करतो. दोन मिनिटं. कोट काढा, कागद काही नेऊ नका. ओळखीच्या बाई म्हणून जा, त्याला पाणी द्या आणि या. वरिष्ठ जेवायला गेलेत तोवर.”

मी तिथेच कोट काढून मोमेनाच्या हातात दिला. तू मला अडवलंस. “तू कोण म्हणून जाणार आत?”

“ओळखीची बाई म्हणून.”

“आणि ज्याची ओळखीची बाई नाही त्याने काय करायचं? तिथे शंभर माणसं बसलीत, सुनंदा.”

“त्यांचं त्यांचं बघतील. हा एक माणूस आपला आहे.”

“मेहेरबानीने जाशील तर तिथे तोंड उघडता येणार नाही तुला. नुसतं पाणी पाजून येशील.”

“पाणी तर पाजीन! तुझ्या तत्त्वाने तहान भागते का त्याची?”

तू वळून निघून गेलास. मला वाटलं रागावून स्कूटरकडे गेलास. पण तू हॉलच्या मागे गेला होतास, आचाऱ्यांच्या चुली असतात त्या बाजूला. तिथल्या खिडकीची काच फुटलेली होती आणि तिथून व्यासपीठ दिसत होतं. तू काय पाहिलंस ते नंतर मला सांगितलंस. सिराज टेबलापुढे बसला होता. त्याला विचारलं, कहाँ का है? तो म्हणाला, कलकत्ता.

तो कलकत्त्याचा नव्हता. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावातला होता, आणि त्याच्या कार्डावर तसंच लिहिलेलं होतं. पण बोईसरच्या कारखान्यांतले सगळे बंगाली कामगार कलकत्ताच सांगतात. पहिल्या दिवशी गावाचं नाव सांगून बघतात, कोणाला कळत नाही, मग कलकत्ता म्हणतात आणि मोकळे होतात. आपण दिल्लीला गेलो होतो तेव्हा तू काय सांगत होतास? मुंबई. पालघर म्हटलं तरी त्या लोकांना कळेना, मग नवापूर कशाला सांगशील. त्यात खोटेपणा कसला? पण टेबलामागच्या माणसाने कार्ड पाहिलं, तोंड पाहिलं आणि म्हणाला, “ये झूठ बोल रहा है. अपना गाँव भी पता नहीं इसको.” प्राचीची बाळंतीण आणि सिराजचं कलकत्ता, दोन्ही एकाच जातीच्या चुका. शेजारी बसलेल्या माणसाने एका वाक्यात सावरल्या असत्या. शेजारी कोणी नव्हतं.

मी तेव्हा दारात पाण्याची बाटली घेऊन उभी होते. एक पाय आत होता. आणि तुझा आवाज आला.

“सिराज! मुर्शिदाबाद बोल! गाँव का नाम बोल, थाना बोल! अंगूठा मत देना! किसी भी कागज पे अंगूठा मत देना!”

सगळा हॉल वळला. खुर्च्यांवरची माणसं खिडकीकडे बघायला लागली. आणि मग तू तुझा मोबाइल नंबर पुकारायला लागलास. बंदरावर पाटीचा भाव पुकारतात तसा, एकेक आकडा ओढून, पुन्हा पहिल्यापासून. दोन शिपाई तुझ्या दंडाला लोंबकळत होते तरी तुझे आकडे चुकत नव्हते. तुझ्या आईच्या घशातून आलेली देणगी ती, आणि तू ती तिथे वापरलीस.

सभ्य अधिकारी लालबुंद झाला. मला म्हणाला, “मॅडम, मी तुमच्या शब्दावर एवढं केलं आणि तुमचा माणूस असा तमाशा करतो? आता कोणालाच आत नाही. पाणी ठेवा तिथे.” माझा पाय मागे घ्यावा लागला. दार लागलं. संध्याकाळी मागच्या फाटकातून सिराजला घेऊन बंद गाडी गेली. मोमेना त्या गाडीमागे पळाली, माझा कोट तिच्या हातातच होता.

परत येताना उमरोळीला तू चहाला थांबलास. आणि मी तुला म्हटलं, “तुझ्या ओरडण्यापायी माणूस गेला.”

माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणारा माणूस तू, मी ‘आज ऊन आहे’ म्हटलं तरी हरकत घेणारा. त्या एका वाक्याला तू गप्प बसलास. पेल्यातला चहा ओतून दिलास आणि स्कूटर सुरू केलीस. मी ते वाक्य परत घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते खरंच वाटत होतं. दोन मिनिटं मिळाली असती तर मी सिराजच्या कानात पुटपुटले असते, गावाचं नाव सांग म्हणून. तुझ्यासारखं साऱ्या जगाला ऐकू जाईल असं नव्हे, पण सांगितलं असतं.

नंतर सगळं इतकं भराभर झालं. तू हायकोर्टात अर्ज टाकलास. सरकारतर्फे सांगितलं गेलं की त्याला पूर्वेला बांगलादेशाच्या सीमेवर नेलंय, कागदांची पडताळणी चालू आहे. परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर, आणि कागद पेटीत, पेटी बोईसरच्या खोलीत. मोमेनाने ती पेटी तुझ्याकडे आणून दिली, आणि ती घेऊन तू सीमेवर गेलास. तिथून तुझा फोन आला. तुझा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, तो खरोखरच मितभाषी माणसाचा होता.

“सुनंदा, इथे तर हॉलसुद्धा नाही. शेतं आहेत, कुंपण आहे आणि एक फाटक. फाटकावरचा मुलगा म्हणतो, इधर वकील नहीं चलता.”

“प्रश्न विचारलास?”

“कोणाबद्दल विचारू? खुर्चीवर कोणी नाहीये. त्यांना काल पलीकडे ढकललंय.”

त्याच्या जिल्ह्यातून पडताळणीचं उत्तर आलं तेव्हा तू परत यायला निघाला होतास. माणूस इथलाच आहे, आईबाप इथलेच आहेत, घर आहे. सगळं खरं निघालं. फक्त माणूस कुंपणापलीकडे होता, आणि कुठे होता ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मोमेना बोईसरची खोली सोडून सासरी गेली. तू रोज टेबलावर यायचास, माझ्या वाटण्यांची चेष्टाही करायचास, पण मधेच थांबायचास. मी बाजूने बघायचे. किती वेळा तोंडाशी आलं, हेमू, जाऊ दे, दोन मिनिटांत मी तरी काय दिवे लावले असते. म्हटलं नाही. माझा हट्ट तुला माहीत आहे. आणि तुझ्याकडे एवढा कमी वेळ आहे हे मला माहीत नव्हतं.

तुझ्यावर चिडलेय मी. हे लिहितानाही चिडलेय. असा मधेच कोणी उठून जातं का? निकाल लागायचा होता आपला.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. बाराव्याला निघताना तुझ्या आईने तुझा फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, “सारखा वाजते. माझ्याच्यान नाय सांगवत लोकांना. तूच सांग.” म्हणून तो माझ्याजवळ आहे. लोकांचे फोन येतात, मी सांगते, ते हळहळतात, मी त्यांच्या तारखा लिहून घेते. पाठ झालंय ते वाक्य मला.

आज सकाळी वेगळाच नंबर आला, आपल्या देशातला नव्हता. मी उचलला. खूप खरखर होती. कोणीतरी म्हणालं, “वकील साहब?”

मी विचारलं, कोण?

“सिराज. बोईसरवाला. खिडकी से नंबर बोले थे ना साहब, वही लगाया. इतने दिन फोन किसी ने दिया नहीं. आज दिया.”

हेमू, तुझे ते आकडे त्याच्या लक्षात होते. मी त्याला म्हटलं मी साहेबांच्या टेबलावरची बाई, त्या दिवशी दारात होते. त्याला आठवत होतं, “पानी की बोतल वाली मॅडम.” तो पलीकडच्या एका खेड्यात आहे. एका घराने त्याला ठेवून घेतलंय, त्यांच्या शेतात राबतो. मग मला राहवलं नाही. मी विचारलंच, त्या दिवशी साहेब ओरडले तेव्हा आत काय झालं?

तो म्हणाला, “टेबल वाला साहब बोला, तेरा वकील बाहर चिल्लाता है, मतलब तू कुछ छुपाता है. बहुत मारा फिर.”

बघ. माझंच खरं होतं. हे तुला सांगताना मला जराही आनंद नाही. तो पुढे बोलतच होता.

“फिर कागज रखा सामने. उस पे लिखा था मैं बांगलादेशी है. सब ने अंगूठा दिया, मार के डर से. मैंने नहीं दिया. साहब ने बोला था ना, मत देना. तीन जगह कागज रखा, हॉल में, गाड़ी में, फिर बॉर्डर पे. मैंने नहीं दिया. इसलिए अभी ये लोग बोलते हैं, तेरा वापस जाना हो सकता है. जिसने दिया उसका नहीं होगा.”

तुझं पण खरं होतं. तुझ्या ओरडण्यापायी त्याला मार बसला, आणि तुझ्या ओरडण्यापायीच त्याची परत यायची वाट उघडी राहिली. फुटक्या काचेतून दिलेला तेवढाच सल्ला त्या सगळ्या प्रवासात त्याला मिळाला, आणि त्याने तो जिवापाड धरून ठेवला. उमरोळीचं वाक्य मी मागे घेते, हेमू. उशीर झालाय, तुझ्यापर्यंत पोचत नाही, तरी घेते. आणि जे कधीच म्हटलं नाही तेही म्हणते, तू चांगला वकील होतास. माझ्या पाहण्यातला सगळ्यात चांगला.

पण सिराजचं बोलणं संपलं नव्हतं. परवा पलीकडचे शिपाई त्याला सीमेच्या फाटकावर नेणार आहेत. आपल्या बाजूचे साहेब येतील, पुन्हा बसवतील, पुन्हा विचारतील, आणि आत घ्यायचं की नाही ते ठरवतील. नाही म्हणाले तर पलीकडचे त्याला तुरुंगात टाकणार. तो घाबरलेला होता. “मॅडम, वो फिर पूछेंगे कहाँ का है. मार खाने के बाद मेरे को बराबर बोलने को नहीं आता. अबकी बार साहब साथ में बैठेंगे ना?”

रोजचं पाठ झालेलं वाक्य मला येईना. शेवटी म्हटलं, “सिराज, साहब नहीं रहे.”

त्याने ते पलीकडच्या कोणाला तरी बंगालीत सांगितल्याचं ऐकू आलं.

मग तो म्हणाला, “तो फिर मैं अकेला जाऊँ?”

मी त्याला म्हटलं, नाही, मी येते, मी तुझ्या शेजारी बसेन. आज संध्याकाळचं विमान आहे. त्याच्या शेजारी बसू द्या म्हणून हायकोर्टात अर्ज आज दाखल होईल, सुनावणी परवाच्या आत होईल की नाही सांगता येत नाही. मला त्याच्या चौकशीत बसू देणारा कायदा कुठला, ते दुपारपासून शोधते आहे, आणि अजून सापडलेला नाही. त्याला मात्र मी हो म्हणून बसले आहे.